‘40 टक्के विकृती’ असलेली झडप निरोगी कशी?

प्रश्न असा आहे: हृदयाच्या महाधमनी-झडपेवरच्या लेखात ‘पडद्याची त्रिज्य दिशेतली विकृती 40 टक्के’ असं वाक्य आलं (पडदा म्हणजे झडपेची उघडमीट करणारी पाकळी; त्रिज्य म्हणजे तिच्या बुडाकडून मोकळ्या कडेकडे). झडप तर निरोगी म्हटली आहे. मग ‘स्ट्रेन’ला ‘विकृती’शिवाय दुसरा शब्द नाही का? आणि हा पडदा लवचीक म्हणायचा की स्थितिस्थापक?

‘विकृती’ चूक नाही, पण इथे अडचणीचा आहे. अभियांत्रिकीत विकृती म्हणजे मूळ मापाच्या प्रमाणात झालेला बदल. 10 मिमीचा तुकडा 14 मिमी झाला की विकृती 0.4; तिला एकक नाही. वैद्यकात मात्र विकृती म्हणजे व्यंग किंवा रोग, म्हणून तर पॅथॉलॉजीला विकृतिशास्त्र म्हणतात. झडपेच्या ऊतीवर लिहिताना हे दोन्ही वाचक समोर असतात, आणि ‘झडपेतली विकृती वाढली’ हे वाक्य दोघे दोन तऱ्हांनी वाचणार.

‘लांबीवाढ’ सुचवावंसं वाटतं, पण तो शब्द अपुरा पडतो. चौकोनी तुकडा कडांची लांबी न बदलता तिरपा झाला, तरी ती विकृतीच. म्हणून तांत्रिक लेखात विकृती ठेवावा आणि पहिल्याच उल्लेखात अर्थ सांगावा. सर्वसाधारण लेखात सरळ ‘मूळ लांबीपेक्षा 40 टक्क्यांनी ताणला गेला’ असं लिहावं. दिशा गाळू नये: कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू मुख्यतः परिघाच्या दिशेने असल्यामुळे पडदा त्या दिशेला बराच कमी ताणला जातो. ‘मूळ लांबी’ कोणती, हेही सांगायला हवं. मुरडलेले तंतू सरळ होईपर्यंत ऊती जवळजवळ विनाविरोध ताणली जाते, त्यामुळे शून्य सैल तुकड्यावर धरलं की किंचित ताणलेल्यावर, यावर आकडा बराच बदलतो.

‘स्ट्रेस’साठी, म्हणजे दर क्षेत्रफळामागच्या बलासाठी, प्रतिबलच बरा. ताण हा शब्द राखून ठेवावा, कारण त्याची इथे खरी गरज आहे. पातळ, असमान पडद्याची जाडी मोजताना चूक होते, म्हणून द्विअक्षीय चाचणीत (तुकडा एकाच वेळी दोन दिशांना ताणून) पुष्कळदा बल नुसत्या रुंदीने भागतात. 10 मिमी रुंदीवर 0.6 न्यूटन म्हणजे 60 न्यूटन प्रति मीटर, हा ताण. जाडी 0.5 मिमी धरली तर प्रतिबल 120 किलोपास्कल. दोन्हींना ‘ताण’ म्हटलं की एककांचा घोळ झालाच.

आता लवचीक. लवणे म्हणजे वाकणे. स्थितिस्थापक म्हणजे बल काढल्यावर मूळ स्थितीला येणारं (समासात ‘स्थिति’ ऱ्हस्व). उघडताना पडदा लवतो, तिथे लवचीक. मिटताना ताणून पुन्हा आखडतो, तिथे स्थितिस्थापक. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने पक्की केलेली ऊती दोन्हींतला फरक दाखवते: ताणून सोडली तर पूर्ववत होते, पण सहज वाकत नाही.