साडेसहा महिने झाले तरी तलंगा अंड्यावर येत नाहीत, काय करावं?

उत्तर द्यायचं नव्हतं. पुण्याच्या वाघोलीजवळ तुमचं अंगण असलेलं घर, पाच गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, साडेसहा महिने झाले, एक अंडं नाही. मेथीदाणे घालून झाले, शेवग्याचा पाला घालून झाला, आठवडाभर रात्रभर बल्ब जाळून झाला. एवढ्यावर मी काही लिहिलं नसतं, लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं कॅल्शियमवालं खाद्य, घाला म्हणून चार जणांनी आधीच सांगितलंय. पण तुमची शेवटची ओळ आहे, ‘या वांझ तर नसतील? रविवारी मामा येताहेत, ते म्हणतात कापून मोकळे व्हा.’ ती वाचली आणि गॅसवरची भाजी करपली.

आधी तो शब्द. साडेसहा महिन्यांच्या तलंगेला वांझ म्हणणं म्हणजे सातवीतल्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे. आणि साडेसहा महिने हे सांगितलं कोणी? विकणाऱ्यानं? विकताना तो महिना-दीड महिना वाढवूनच सांगतो, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातून पिल्लं घेतली असती तर निदान जन्मतारीख तरी कळली असती. पांढरी लेगहॉर्न अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येते, पण ती अंड्यांसाठीच तयार केलेली जात आहे. गावरान कोंबडी सहा महिन्यांपासून आठ महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होते. तुमच्या कोंबड्यांना उशीर झालेलाच नाही, तुम्हाला घाई झाली आहे.

मलाही झाली होती, म्हणून सांगतेय.

आम्ही धायरीत राहतो. बैठं घर आहे, मागे न्हाणीच्या पलीकडे थोडी जागा. २०१६ च्या जूनमध्ये सायकलला दोन्हीकडे जाळीचे पिंजरे अडकवून येणाऱ्या माणसाकडून सहा पिल्लं घेतली. अडीच महिन्यांची आहेत म्हणाला. मी हिशेब केला, दसऱ्याला अंडी. मुलीनं नावं ठेवली. तांबडी, झिपरी, काळी, टिकली, आणि दोघी इतक्या सारख्या की त्यांना आम्ही जुळ्याच म्हणायचो. दसरा गेला, काही नाही. दिवाळी आली, काही नाही. आमचे हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागे जायचे आणि कप तसाच घेऊन परत यायचे, तोंडातून शब्द नाही. ते न बोलणं मला जास्त लागायचं.

दिवाळीच्या आधी तांबडीत फरक पडायला लागला होता आणि तो मला वाचता आला नाही. तिचा तुरा फिकट गुलाबी होता तो लालभडक झाला, गालाखालच्या लोळ्या भरल्या. दिवसभर कुरकुर करत कोपरे धुंडाळायची. एकदा रिकाम्या बादलीत जाऊन बसली, एकदा गॅसच्या सिलिंडरमागे. मला वाटलं हिला बरं नाही. हळद घातलेलं पाणी ठेवलं!

भाऊबीजेला माझे दीर मुळशीहून आले. दर वर्षी येतात, नणंद कात्रजला असते, तिच्याकडे ओवाळून घेतात आणि मुक्काम आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी मागे दात घासत उभे होते. म्हणाले, “वहिनी, पाच महिने झाले दाणे घालताय. काय दिलं यांनी? वांझ आहेत सगळ्या.”

भावजींच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. लग्नानंतर सात वर्षं मला मूल नव्हतं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आमच्याकडची माणसं तशी सभ्य आहेत. भावजी एकदा जेवताना गोठ्यातल्या गाईबद्दल हे म्हणाले होते, आणि अख्ख्या पंगतीनं एकदम आपापल्या ताटात बघितलं होतं. असो. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते.

मी नाही म्हणाले का? नाही म्हणाले नाही. म्हटलं, घ्या एखादी.

त्यांना सहांतली एक धरायची होती. पाचजणी फडफडत न्हाणीमागे पळाल्या. तांबडी पळाली नाही. भावजी जवळ गेले तशी पाय रोवून, पंख किंचित पसरून, पाठ सपाट करून ती जागच्या जागी बसली. “बघा किती गरीब आहे,” म्हणाले आणि उचलली.

ती गरीब नव्हती हो. अंड्यावर आलेली तलंग कोंबड्यासाठी अशी बसते. कोंबडा नसेल तर माणसाचा हात पाठीशी गेला तरी बसते, खराटा गेला तरी बसते. हे बसणं सुरू झालं की पहिलं अंडं आठवड्या-दीड आठवड्याच्या अंतरावर असतं, कधी त्याहून जवळ. म्हणजे सहांत जी सर्वांत पुढे होती तीच सर्वांत सहज हाती लागली.

साफ करायला माझ्याकडेच आली. पोट उघडलं तर आत पिवळ्या बलकांचा घोस. मोहरीएवढे, मिरीएवढे, बोराएवढे, मग सुपारीएवढे, आणि दोन तर अंड्यातल्या बलकाएवढेच, चकचकीत, वरून लाल शिरांची जाळी. आणि खाली नळीत एक अख्खं अंडं. कवच धरलेलं होतं पण कोवळं, अंगठ्यानं दाबलं तर खळी पडायची आणि हळूहळू वर यायची. अंडं तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच बसण्यात जातात. म्हणजे ते दुसऱ्या दिवशी मिळालं असतं.

मी ते ताटलीत घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि भावजींच्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, “अरे वा, हे रश्श्यात सोडा, याच्यासारखी चव नाही.”

चव खरंच असते, गावाकडे हे बलक मुद्दाम मागून घेतात. मी सोडले. खाल्ले नाहीत.

पुढचं ऐका. उरलेल्या पाचांतली झिपरी अकरा दिवसांनी सुरू झाली. मग काळी, मग टिकली, जुळ्या सर्वांत शेवटी. महिन्याच्या आत पाचही. मी कालनिर्णयच्या चौकोनांत रोजच्या अंड्यांच्या रेघा मारत होते, आणि पुढच्या भाऊबीजेला ते अख्खं कॅलेंडर भावजींना दाखवलं. ते म्हणाले, “वहिनी, कापली म्हणूनच कळलं ना तुम्हाला, की अंड्यावर आल्यात?” दर वर्षी हेच म्हणतात, दर वर्षी सगळे हसतात. म्हणून इथे लिहून ठेवतेय: कापल्याशिवाय कळतं. तुरा बघा, बसते का बघा, आणि शेपटीखाली हात लावून बघा. तिथे दोन हाडांची टोकं लागतात. त्यांच्यात जेमतेम एक बोट मावत असेल तर अजून अवकाश आहे, दोन-तीन बोटं मावत असतील तर ती आली. आमच्या सासूबाईंना हे येत होतं. भावजी त्यांच्याच पोटचे, पण शिकून घेतलं नाही.

(कडकनाथ असेल तर तुऱ्यावर जाऊ नका. तिचा तुरा काळपट जांभळाच असतो, लाल होण्याची वाट बघत बसाल.)

आता तुमच्या बल्बचं. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं, हे खरं. दिवस मोठा होत गेला की तिचं शरीर अंड्याकडे वळतं, लहान होत गेला की थांबतं. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरच्या शेवटी अकरा. उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मलेली पिल्लं वयात येतात तेव्हा नेमका दिवस आखडत असतो. माझ्या तशाच होत्या, आणि तुमच्याही तशाच दिसतात, आत्ता ऑक्टोबर आहे. पोल्ट्रीवाले बल्ब लावून सोळा तास उजेड करतात, पण हळूहळू, आठवड्याला अर्धा तास वाढवत. तुम्ही एकदम रात्रभर लावलात. पक्ष्याला झोप नको का? शिवाय अंग भरायच्या आत उजेडानं घाई केली की अंडी बारकी येतात, आणि कधी अंडं घालताना आतला भाग बाहेर येतो. तो प्रकार एकदा बघितला की पुन्हा बल्बला हात लावणार नाही. लावायचाच तर पहाटे लावा, मिणमिणता, एक-दोन तास. संध्याकाळी लावून मग बंद केला तर अंधारात त्यांना दांडीवर चढता येत नाही, खालीच गोंधळ घालतात.

मेथीदाणे कशासाठी? बाळंतिणीला दूध येतं म्हणून? कोंबडीला दूध द्यायचं नाहीये. शेवगा चालेल, पण त्यानं अंडं येत नाही, पोट भरतं.

खाण्यात खरी चूक उरलेल्या भाताची होते. माझ्याकडून झाली होती. शिळा भात, पोळीचे तुकडे, दिवाळीनंतर मऊ पडलेल्या चकल्या. कोंबड्या खूश आणि आतून नुसती चरबी. तलंगेला प्रथिनं लागतात, खाद्याच्या सोळा-सतरा टक्के तरी. पोत्यातलं खाद्य नको असेल तर मक्याच्या भरड्यात मूठभर सुकट टाका, मंडईत मिळते. शेंगपेंड पावसाळ्यात बुरसटते, तिची विषबाधा कोंबडीच्या लिव्हरवर जाते, तेव्हा वास घेतल्याशिवाय घालू नका. आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, ते ती हाडांतून काढणार की वाटीतून घेणार, हे तुम्ही ठरवायचं. पण चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका. जिला हवा ती खाईल. अंड्यावर न आलेल्या पोरींना जबरदस्तीनं कॅल्शियम गेलं तर किडनी खराब होते, म्हणून लेयर फीडसुद्धा पहिलं अंडं दिसायच्या सुमारासच सुरू करायचं.

खुराड्याची जागा बदललीत का? तुम्ही लिहिलं नाहीये. मी दोनदा बदलली होती, आधी टाकीखाली, मग न्हाणीजवळ. प्रत्येक वेळी त्या आठ-दहा दिवस बावरल्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, तो सगळा उशीर तुझ्या हौसेचा. असेल.

अंडं घालायला अंधारी, शांत, जरा वर उचललेली जागा हवी. मी आंब्याची पेटी आडवी ठेवते, तिच्यातलं गवत तिलाच. आत एक खोटं अंडं. भाच्याचा टेबल टेनिसचा चेंडू घेतला, भोक पाडून वाळू भरली, मेणानं बंद केला. नुसता चेंडू हलका असतो, दोन टोचा मारल्या की पेटीबाहेर. खोटं अंडं बघून त्यांना कळतं की इथे बसायचं असतं. सकाळी दहापर्यंत खुराडं उघडू नका, बहुतेक अंडी त्याच वेळात पडतात.

आणि हो, अंडी येतच नाहीत याची तुम्हाला खात्री आहे का? झिपरीनं पुढच्या वर्षी महिनाभर हरताळ केला असं आम्ही समजत होतो. गाडीवरचं जुनं कव्हर उचललं तर खाली चौदा अंडी, नीट वर्तुळात. पाण्यात टाकून बघितली, नऊ तरंगली, ती खड्ड्यात पुरली. तुमच्याकडे मोकळं रान असेल तर मुंगूसही अंडी नेतं, फुटकी कवचं दिसतात.

एक कबुली राहिली. मी सगळ्यांना सांगते की माझ्या कोंबड्या बल्बशिवाय, निसर्गाच्या चालीनं अंड्यावर येतात. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीनं आमच्या भिंतीकडे तोंड करून हॅलोजन लावला, रात्री बारापर्यंत खुराड्यावर उजेड असतो. त्यानंतरची बॅच साडेपाच महिन्यांतच सुरू झाली. मी त्याचं श्रेय सुकटीला देते.

तुरा पांढराफटक असेल, कोंबडी हातात घेतल्यावर छातीचं हाड टोचत असेल किंवा पंखांखाली उवा असतील तर वरचं सगळं विसरा. जंताचं औषध आणि डॉक्टर, आधी ते. राखेचा एक खड्डा करून द्या, लोळतील.

रविवारचं म्हणाल तर मामांसाठी चिकन कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा, माणसामागे पाव किलो पुरतं. आणि ते यायच्या आधी पाचहीजणींच्या पाठीवरून हात फिरवून बघा. जी पळणार नाही, खाली बसेल, तिच्या खुराड्याला त्या दिवशी कडी लावून ठेवा.