टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागलं ते मोजताना, दर वेळी वेगळं रीडिंग येतं. माझं काही चुकतंय का? मित्र म्हणतो, एकच आकडा तीनदा लिही.

मित्राचं ऐकू नका. प्रयोगशाळेत शिकवत असल्यामुळे सांगतो, थोडाफार फरक पडणारच. वहीत तिन्ही रीडिंग कायम हुबेहूब सारखी दिसली, की मला आधी जुळवाजुळवीचा संशय येतो.

प्रश्न फरक किती आहे याचा. 50 मिलीच्या नेहमीच्या ब्युरेटवर (खाली तोटी असलेली काचेची उभी मोजनळी) 0.1 मिलीच्या खुणा असतात. 12.3, 12.4, 12.3 असं आलं तर बिनधास्त राहा. 12.3 नंतर एकदम 13.6 आलं, तर मात्र कारण शोधायचं. बहुतेकदा ब्युरेट भरताना लावलेलं नरसाळं तसंच राहिलेलं असतं आणि त्यातून मधेच थेंब गळतात. किंवा तोटीच्या खालच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. तो निघून गेला की त्याची जागा द्रावण घेतं, आणि फ्लास्कमध्ये न पडलेलं द्रावणही तुमच्या हिशेबात येतं. शेवट रंगाने दाखवायला फिनॉल्फ्थॅलीन घातलं असेल तर रंग जेमतेम गुलाबी होऊन टिकला की थांबा. गडद गुलाबी झाला म्हणजे तुम्ही पुढे निघून गेलात.

आता डोळ्याचं. पाण्यासारखा द्राव काचेच्या कडेने किंचित वर चढतो, म्हणून मधे खोलगट दिसतो. त्या खोलगटाचा तळ वाचायचा, तोही डोळा त्याच पातळीवर आणून. ब्युरेटचा शून्य वर असतो, त्यामुळे वरून पाहिलं तर आकडा कमी दिसतो आणि खालून पाहिलं तर जास्त. मागे पांढरा कागद धरा, कड स्पष्ट दिसते. (गडद जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात, फक्त सुरुवातीला आणि शेवटी तीच वाचा.)

वाचायला चेहरा इतका जवळ न्यायचा असल्यामुळे प्रयोगशाळेतला सुरक्षा चष्मा हवाच. आणि भरताना ब्युरेट खाली घ्या. डोक्याच्या वर हात करून ॲसिड ओतणारे महाभाग दर वर्षी भेटतात.

आणखी एक, आकड्यापुढे एकक लिहा. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या एका विमानाचं इंधन उडत असताना संपलं. हिशेबात लिटरला 0.8 किलोच्या जागी 1.77 धरलं होतं, आणि तो आकडा पौंडांचा होता. वैमानिकांनी इंजिनं बंद पडलेलं विमान कॅनडातल्या गिमलीला सुखरूप उतरवलं.

वहीत न जुळणारं रीडिंग रबरने खोडू नका. कारण सापडलं असेल तर त्यावर एक रेघ मारून शेजारी ‘बुडबुडा निघाला’ असं लिहा आणि सरासरीतून वगळा. कारण सापडलं नसेल तर ते तसंच ठेवा आणि आणखी दोनदा टायट्रेशन करा.