मनातलं विचारा: थेरपीला जाण्याआधी

प्रश्न: मुलगी 24 वर्षांची, नोकरी करते. दोन महिने झोप नाही, सारखी चिडचिड. आता थेरपीला जायचं म्हणते. बाणगंगेच्या मनोरुग्णालयात न्यावं इतकं काय झालंय? शिवाय घरातलं बाहेर फुटलं तर? – एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: वेड लागल्याशिवाय बाणगंगेच्या रुग्णालयात कोणी जात नाही, हा आपल्या इंदूरकरांचा जुना समज. दोन महिने झोप उडणं हे दाखवायला पुरेसं कारण आहे, मग ते तिथे असो की खासगीत. आधी थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या. त्यातल्या बिघाडानेही थकवा, उदासी येते. औषध सायकियाट्रिस्ट लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. नुसत्या ‘काउन्सेलर’ पाटीवर जाऊ नका.

गुप्ततेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा ती तिथे काय बोलली हे एरवी तुम्हालाही सांगणार नाहीत. परतताना रिक्षात “काय काय विचारलं?” म्हणून खोदू नका, पुढच्या वेळी ती तिथेही हात राखून बोलेल.

प्रश्न: तीन सेशन झाली. सल्ला काहीच नाही, नुसते प्रश्न. उलट घरी आल्यावर रडू येतं. बंद करू? – स्नेहलतागंज

उत्तर: इतक्यात नको. पहिली एक-दोन सेशन माहिती घेण्यातच जातात. सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीला, साधारण 12 ते 20 सेशन लागतात, बहुधा आठवड्याला एक, 45 ते 60 मिनिटांचं. रडू येतं हे थेरपिस्टलाच सांगा. गाडी अडते ती बहुतेक वेळा दोन सेशनच्या मधल्या गृहपाठावर. वहीत तीन रकाने करा: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना 100 पैकी किती. ‘साहेबांनी मेसेज पाहिला, उत्तर नाही. माझंच चुकलं असणार. भीती 80.’ हे तिथल्या तिथे लिहायचं. रात्रीपर्यंत विचार निसटतो, नुसता राग उरतो. पाच-सहा सेशननंतरही नेमकं कशावर काम करायचं हे ठरलं नसेल, तर खुशाल थेरपिस्ट बदला. आईशी झालेलं भांडण हिंदीत सांगताना अडखळायला होत असेल, तर मराठी जाणणारे शोधा. ऑनलाइनही चालतं.

प्रश्न: गोळ्या जन्मभर लागतात का?

उत्तर: बहुतेकांना नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ होऊ शकते. डोस डॉक्टरांनाच उतरवू द्या. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.