डीएम हेपॅटोलॉजीला निघालेल्या एका डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,

यकृतविकारांच्या डीएमला जागा मिळाल्याचं कळलं, बरं वाटलं. गॅस्ट्रो सोडून नुसतं यकृत का, म्हणून घरचे कुरकुरत असतील. कुरकुरू देत. एंडोस्कोपी तिथेही शिकशील, व्हेरिसेसचं, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचं, बँडिंग तर हातात बसेल.

ट्रान्सप्लान्टचं थिएटर भुरळ घालतं. एक ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघच. पण तिथे सर्जन आहेत. रुग्णाला तिथवर वेळेत पोचवणं तुझ्याकडे. त्यासाठी निव्वळ मेल्ड स्कोअरवर, म्हणजे यकृताचा आजार किती गंभीर हे सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबू नकोस. मुख्यतः बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) यांवर तो उभा आहे, आणि स्नायू झिजलेल्या माणसाचं क्रिएटिनिन कमीच दिसतं. वरचेवर पोटातलं पाणी काढावं लागतं, दंडाचं मांस उतरलंय, तरी आकडा मात्र साधा, असे रुग्ण भेटतील. त्यांना लवकर पाठव.

जलोदर घेऊन सिऱ्हॉसिसचा (यकृत आकसून निबर झालेला) रुग्ण भरती झाला की ताप असो-नसो, त्याच दिवशी पाणी तपासायला काढ. जंतू शोधायच्या कल्चरसाठीचं पाणी बेडशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाल. पाण्यात न्यूट्रोफिल (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरला 250 वर गेले तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू कर. आणि गावाकडून काविळीचा पाला पिऊन आलेल्यावर ओरडू नकोस. एकदा ओरडलीस की पुढचा सांगणारच नाही. काय प्यायला, किती दिवस, शांतपणे विचारून घे.

आता दात्याबद्दल. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याने दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर होतात, आणि तो दाता धडधाकट माणूस असतो, हे धावपळीत विसरायला होतं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दाता होऊ शकणारे जवळचे नातेवाईक ठरवून दिले. 2011 च्या दुरुस्तीत आजी-आजोबा, नातवंडं आली. सून, दीर, मेहुणा त्यात बसत नाहीत, त्यांना परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर जावं लागतं. तेवढ्याने संमती झाली असं मात्र समजू नकोस. सासरे आणि दीर खोलीत बसलेले असताना रुग्णाची बायको 'हो' सोडून दुसरं काय म्हणेल? तिला एकटीला बसव. घाई करू नकोस. मागे किती यकृत उरेल, जिवाला धोका किती, कामावर कधी जाता येईल, सगळं सांग, आणि नको असेल तर आत्ता सांगा, म्हण. तिने नकार दिला तर बाहेर 'दाता म्हणून योग्य नाहीत' इतकंच सांगायचं. कोणी कितीही खोदून विचारलं तरी कारण तिच्या फाइलबाहेर जाता कामा नये. कुटुंब नाराज होईल, क्वचित सर्जनही होईल. होऊ दे.

ऑपरेशननंतरचं बरंच काही वॉर्डात आपोआप येईल. एक मात्र आधीच वाचून ठेव: प्रत्यारोपणानंतर टीबी झाला तर त्यावरचं रिफॅम्पिसिन हे टॅक्रोलिमसची (नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) पातळी पार खाली आणतं, आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ती वर नेतं. आपल्याकडे टीबीचा प्रश्न पहिल्या वर्षातच समोर येऊ शकतो. आला की रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सर