स्वर आणि सोल्डर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. दोन ऑसिलेटरचा (सूर काढणाऱ्या सर्किटांचा) छोटा अ‍ॅनालॉग सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, जुळवला आहे. एकाचा सा २२० हर्ट्झला लावला आणि दुसऱ्याची साइन वेव्ह (गुळगुळीत चढ-उताराची लाट) त्याच्या एफएम सॉकेटात, म्हणजे वारंवारता हलवणाऱ्या सॉकेटात, सोडली. नॉब वाढवला की आवाजाला छान धातूची झाक येते, पण सूरही चढतो. तंबोऱ्याला सोडून सा चक्क रिषभावर जाऊन बसतो. मॉड्युलेशन, म्हणजे हे हलवणं, वर-खाली सारखंच, मग सूर वरच का सरकतो? ऑसिलेटर बिघडलाय का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ऑसिलेटर ठणठणीत आहे. तुमचा कानही.

तुमचं सॉकेट एक्स्पोनेन्शियल आहे, म्हणजे एक व्होल्टला एक सप्तक. कीबोर्डसाठी हीच पद्धत सोयीची, म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांच्या सिंथपासून ती रुळली. आता साइनऐवजी दोनच पातळ्यांमध्ये उड्या मारणारी स्क्वेअर वेव्ह धरा, हिशेब तोंडी होतो. एक व्होल्ट वर गेलं की २२०चे ४४० होतात, एक व्होल्ट खाली आलं की ११०. अर्धा सेकंद ४४०वर म्हणजे २२० आवर्तनं, उरलेला अर्धा ११०वर म्हणजे ५५. एका सेकंदात झाली २७५. व्होल्टमध्ये दोन्हीकडे सारखं अंतर, पण हर्ट्झमध्ये वर २२०ची कमाई आणि खाली फक्त ११०ची तूट. आणि २७५ भागिले २२० म्हणजे सव्वापट, शुद्ध गंधार! साइन वेव्ह टोकाला कमी वेळ थांबते, त्यामुळे तिची सरासरी सुमारे २४७ येते. शुद्ध रिषभ आहे २४७.५. तुम्ही तो नुसत्या कानाने ओळखलात, याचं मला फार कौतुक वाटलं. (गणपतीच्या दिवसांत माझ्या दुकानासमोर ढोल सुरू झाले की मला सा सुद्धा ऐकू येत नाही, सगळं काम ऑसिलोस्कोपवर, लाट पडद्यावर बघून.)

गायकीच्या हलक्या कंपनासाठी, म्हणजे सेकंदाला पाच-सहा हेलकावे आणि पाव-अर्ध्या स्वराची झेप, हीच पद्धत योग्य. तिथे सरासरी इतकी कमी सरकते की कानाला पत्ता लागत नाही. मॉड्युलेटर, म्हणजे हलवणारा ऑसिलेटर, ऐकू येण्याच्या पट्टीत गेला आणि मॉड्युलेशनची खोली (झेपेचं माप) वाढली की मात्र ती दडत नाही.

दुसरा प्रकार लिनिअर सॉकेटाचा. त्यात व्होल्टला ठरावीक हर्ट्झ मिळतात, समजा ११०. मग २२०चे वर ३३० आणि खाली ११०, सरासरी पुन्हा २२०, सूर जागेवर. म्हणून 'लिनिअरच खरं एफएम' असं छातीठोक सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. मॉड्युलेटरमध्ये थोडं जरी डीसी (एकाच बाजूला स्थिर राहणारं व्होल्टेज) असलं तरी लिनिअरमध्ये सूर सरकतो, म्हणून त्या सॉकेटामागे बहुधा डीसी अडवणारा कपॅसिटर असतो. खोली २२० हर्ट्झच्या पुढे नेली तर साधा ऑसिलेटर शून्यावर अडतो, खालचा भाग कापला जातो आणि सूर पुन्हा चढू लागतो. शून्य ओलांडून उलट दिशेने चालणारा थ्रू-झीरो ऑसिलेटर हवा असेल तर पैसे जास्त मोजावे लागतात. शिवाय हर्ट्झमधली झेप ठरावीक असल्याने वरच्या सप्तकात रंग फिका पडतो.

एक्स्पोनेन्शियलमध्ये झेप सुराबरोबर वाढते. त्यामुळे चढही प्रत्येक पट्टीवर त्याच पटीत असतो. खोली एकदा ठरवा, नॉबला हात लावू नका आणि ऑसिलेटर एक स्वर खाली उतरवा. पूर्ण कीबोर्ड तंबोऱ्याशी जुळेल. दुसरा ऑसिलेटरही त्याच कीबोर्डवरून चालू द्या, म्हणजे रंगही टिकेल. खोली एन्व्हलपने (प्रत्येक स्वरागणिक चढून उतरणाऱ्या व्होल्टेजने) हलवायची असेल तर ही युक्ती चालणार नाही. मग मॉड्युलेट होणारा ऑसिलेटर तिसऱ्या, स्थिर ऑसिलेटरला हार्ड सिंक करा, म्हणजे त्याच्या प्रत्येक आवर्तनाला हा पुन्हा सुरुवातीपासून चालू होईल. सूर त्या स्थिर ऑसिलेटरचा राहील, रंग तेवढा बदलेल.

प्रश्न : मग यामाहाच्या डीएक्स-७मध्ये असं का होत नाही?
– तोच वाचक, पुन्हा

उत्तर : १९८३चा तो सिंथ डिजिटल. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलेली एफएमची रीत त्यात आहे, पण प्रत्यक्षात वारंवारता नव्हे, तर फेज (लाटेची आवर्तनातली जागा) ढकलली जाते. सरासरी जागची हलत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जानेवारीत पहाटे माझा सिंथ वरच्या पट्टीत चढा आणि खालच्या पट्टीत उतरा बोलतो. दुपारी ठीक.
– एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडच्या पहाटेला ट्रान्झिस्टरही जुमानतात! व्होल्टची सप्तकं करणारं सर्किट तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.३३ टक्के हलतं. म्हणजे दर सप्तकामागे चारेक सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), थंडीत सप्तकं ताणतात. आतला तापमान भरून काढणारा रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटलेला आहे का बघा. सुटला असेल तर थर्मल पेस्ट लावून पुन्हा टेकवा. आणि वाजवण्याआधी अर्धा तास सिंथ चालू ठेवा, ट्यूनिंग त्यानंतरच.