बॅच फाइलमध्ये उघडा असलेला डेटाबेसचा पासवर्ड तिथून कसा काढून टाकायचा?

भाऊ, तुमच्या जिनिंगच्या काट्यावर विंडोजचा कॉम्प्युटर आहे, रात्री बॅच फाइल (आपोआप चालणाऱ्या कमांडची साधी मजकूर फाइल) मायएसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप घेते आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड त्या फाइलीत कोणालाही वाचता येतो. वणीकडच्या एका जिनिंगमध्ये हेच काम माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.

पासवर्ड लपवण्याआधी बॅच फाइलीत रूटच्या जागी दुसरा युजर घाला. बॅकअपला रूट लागत नाही. लोकलहोस्टपुरता (फक्त त्याच कॉम्प्युटरवरून चालणारा) वेगळा युजर तयार करा आणि तुमच्या डेटाबेसवर त्याला सिलेक्ट, लॉक टेबल्स, शो व्ह्यू आणि ट्रिगर एवढेच अधिकार द्या. मायएसक्यूएल ८ मध्ये डंप (बॅकअपची फाइल) घेताना 'प्रोसेस'चा अधिकार मागितला गेला, तर तो देऊ नका, कमांडला नो-टेबलस्पेसेस हा पर्याय जोडा. मग पासवर्ड फुटला तरी कोणी काटापट्ट्या वाचेल, पण एका गाडीचंही वजन बदलू शकणार नाही. कास्तकाराचा चुकारा त्या वजनावर निघतो. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच.

आता पासवर्ड. मायएसक्यूएलसोबतच 'मायएसक्यूएल कॉन्फिग एडिटर' येतो. तो पासवर्ड एकदा विचारतो आणि युजरच्या ॲपडेटा फोल्डरात वेगळ्या फाइलीत ठेवतो. बॅच फाइलमध्ये फक्त लॉगिन-पाथचं, म्हणजे त्या साठवलेल्या लॉगिनचं, नाव राहतं. पण ती फाइल नुसती धूसर केलेली असते, जाणकार माणूस ती सहज उलगडतो. त्यामुळे खरं संरक्षण विंडोजच्या लॉगिनचं. आपल्याकडे मुनीम, काटेवाला, दुरुस्तीला येणारा पोरगा, सगळे एकाच ॲडमिन लॉगिनवर बसतात. तसं असेल तर कोणतीही युक्ती टिकणार नाही. बॅकअपसाठी वेगळं खातं काढा, कॉन्फिग एडिटर त्याच खात्यातून चालवा आणि टास्क शेड्युलरमधलं कामही त्याच्याच नावावर लावा. रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा, ॲडमिन नको.

बॅकअप पुढे ईमेलने जात असेल, तर ईमेलचा पासवर्ड पॉवरशेलच्या (विंडोजमधल्या कमांड चालवायच्या साधनाच्या) एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएल या कमांडने जपा. विंडोजवर तो खरोखर एन्क्रिप्ट होतो आणि त्याच मशीनवर, त्याच खात्यातूनच उघडतो. मशीन जळालं किंवा ॲडमिनने त्या खात्याचा पासवर्ड रीसेट केला, की तो गेला. म्हणून मूळ पासवर्ड कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवा.

रूटचा पासवर्ड आजच बदला. त्या बॅच फाइलच्या जुन्या प्रती पेनड्राइव्हवर आणि व्हॉट्सॲपवर कुठवर गेल्या असतील, सांगता येत नाही.