पणजोबांच्या वडिलांची दोन नावं सापडली, तर खरं कोणतं धरायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचं एक नाव आहे, मृत्यूच्या नोंदीत दुसरंच, आणि इंटरनेटवरच्या पाच वंशवृक्षांतही हे दुसरं नावच दिलंय. मग बहुमत बघून तेच धरायचं का?

नका धरू, निदान एवढ्यावरून तरी नाही. त्या पाच जणांना ते नाव कुठून मिळालं हे आधी बघा. बहुतेकदा एकाने मृत्यूची नोंद पाहून नाव भरलेलं असतं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून जसंच्या तसं उचललेलं असतं. एखादी चुकीची तारीख पाचही ठिकाणी तशीच आढळली, तर हे उघडच झालं. मग पाच वृक्ष मिळूनही साक्षीदार एकच उरतो, आणि तो म्हणजे मृत्यूची नोंद.

त्या नोंदीतली सगळी माहिती सारख्या वजनाची नसते. मला वाटतं, घराण्याचा शोध घेणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. मृत्यू कधी आणि कुठे झाला हे सांगणारा बहुधा तेव्हा जवळपास असतो. पण मृताच्या वडिलांचं नाव? ज्याला ते नीट माहीत होतं, तोच गेलेला असतो. मग मुलगा सांगतो, जावई सांगतो, कधी शेजारी, आणि तेही दुःखात, घाईघाईत. ज्याचं नाव सांगायचं त्याला त्यांनी कदाचित कधी पाहिलेलंही नसतं. म्हणून एकाच कागदावर तारीख पक्की आणि वडिलांचं नाव कच्चं असू शकतं. माहिती देणाऱ्याचं नाव त्या नोंदीत असेल, तर तो पणजोबांचा कोण लागत होता हे आधी शोधा.

लग्नाच्या वेळी नवरदेव स्वतः हजर असतो, म्हणून आजच्या घडीला माझा कल त्या नोंदीकडे आहे. पण नाव माहीत असणं वेगळं आणि ते खरं सांगणं वेगळं. आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल, आईने दुसरं लग्न केलं असेल किंवा मुलाला दुसऱ्या कोणी वाढवलं असेल, तर जन्मदात्याऐवजी दुसरं नाव सांगायला माणसाकडे कारण असतं. जन्मनोंद मिळाली तरी ती कधी केली ते बघा. बऱ्याच वर्षांनी करून घेतलेली नोंद कोणाच्या तरी आठवणीवरच उभी असते.

हे सगळं तपासायचं ते मूळ पानावर. शोधसूची कोणीतरी हस्ताक्षर वाचून केलेली असते आणि त्यात एका अक्षराचा फरक सहज पडतो. मागची-पुढची पानंही चाळा, म्हणजे त्या कारकुनाचं अक्षर ओळखीचं होतं.

आणखी एक शक्यता फार वेळा निघते: दोन नोंदी दोन वेगळ्याच माणसांच्या असतात. नाव तेच, गाव तेच, वयही आसपासचं. म्हणून दोघांचा कालक्रम वेगवेगळा मांडा. पत्नी, मुलं, पत्ता, व्यवसाय, सही. एका माणसाला एकाच सुमारास दोन ठिकाणी दोन संसार दिसू लागले, तर तुमचा पेच तिथेच सुटला.

तरीही सुटला नाही, तर पणजोबांना थोडं बाजूला ठेवून त्यांच्या भावंडांकडे वळा. त्यांच्या जन्म-लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं, वाटणीचे कागद. मृत्युपत्रात कोणाला मुलगा म्हटलंय, कोणाला पुतण्या किंवा पत्नीचा मुलगा, यावरून पुष्कळ कळतं. माझ्या अनुभवात सरळ रस्त्यापेक्षा हा आडवा रस्ताच जास्त वेळा उत्तरापर्यंत नेतो.

डीएनए चाचणीचा उपयोग होतो, पण कोणाची चाचणी करायची हे महत्त्वाचं. वडील म्हणून ज्यांचं नाव आलंय त्यांच्या दुसऱ्या अपत्याचे वंशज शोधा. त्या शाखेतला तुमच्याच पिढीचा माणूस आणि तुम्ही यांच्यात सरासरी १ टक्क्याहूनही कमी डीएनए समान असेल, आणि कधी काहीच जुळणार नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं, आजोबांच्या पिढीत १२.५ टक्के. म्हणून घरातलं सर्वात वडीलधारं माणूस तयार असेल तर त्याचीच चाचणी करा. वाय गुणसूत्राची चाचणी फक्त बाप-मुलगा अशा अखंड साखळीत चालते, आणि ती दोन नावं सख्ख्या भावांची असतील तर त्यांच्यात फरक दाखवत नाही. चाचणीआधी प्रत्येकाला स्पष्ट सांगा की यातून हयात माणसांबद्दलही अनपेक्षित काही कळू शकतं. त्यांची संमती मनापासून असायला हवी.

अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेली वंशावळ-अभ्यासकांना प्रमाणित करणारी एक संस्था आहे, 'बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स'. तिच्या पाच निकषांत परस्परविरोधी पुराव्यांचा निकाल लावणं हा स्वतंत्र निकष आहे. माझ्या मते तो सर्वात कठीण आहे. एक नाव बरोबर म्हणून भागत नाही, दुसरं नाव नोंदीत शिरलं कसं हेही सांगता आलं पाहिजे. सावत्र वडील होते, काकांनी वाढवलं, जावयाने ऐकीव नाव सांगितलं, जे असेल ते पुराव्यासह लिहून ठेवा. ते लिहिता येत नसेल, तर वृक्षात वडिलांची जागा सध्या रिकामी ठेवा आणि टिपेत दोन्ही नावं, कोणत्या नोंदीतून आली त्यासकट, द्या. त्या पाच वृक्षवाल्यांनाही ती टीप पाठवा. त्यांच्यापैकी एखाद्याकडे कदाचित तुम्ही न पाहिलेला कागद असेल.